व्हिडिओ आपल्या पसंतीच्या प्लेअरमध्ये कसा उघडावा

गणपती पोचवले, चाकरमानी तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला परतले, की आमच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. वेंगुर्ल्याच्या अंगाला एका बाजारात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. सात-बारा काढून दे, आधारची रंगीत प्रत काढ, ही कामं बारमाही. पण गणपतीपासून पार जत्रा संपेपर्यंत आणखी एक काम येत राहतं : "जरा ह्यां बघ, उघडणा नाय."

शेजारच्या काकींच्या पुतण्याने आरतीचा व्हिडिओ आयफोनवर घेतला होता. काकींच्या लॅपटॉपवर लावला की झांजा वाजत, पखवाज ऐकू येई, पडदा मात्र काळाकुट्ट. "आवाज येता, पण चित्र खंय गेलां? फाइल मेली काय?" फाइल धडधाकट होती. मी ती दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडून दाखवली आणि काकी खूश होऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दारात. घरी फाइलवर दोनदा क्लिक केलं तर पुन्हा तोच काळा पडदा. चूक माझीच. मी फाइल एकदा उघडून दिली होती. "यापुढे ही कायम याच्यातच उघड" असं लॅपटॉपला सांगायचं राहून गेलं होतं.

एकदा उघडणं वेगळं आणि कायमचं ठरवून टाकणं वेगळं. नवशिक्याचा नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो, म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी दोन्ही वेगवेगळं सांगितलं आहे.

पेटी आणि आतला आंबा

सुरुवात करण्याआधी पाच मिनिटं एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल.

फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन तीन-चार अक्षरं असतात : एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही. याला एक्स्टेन्शन म्हणतात. हे म्हणजे आंब्याच्या पेटीवर छापलेलं नाव. पेटीवर "देवगड हापूस" असतं, आत नक्की काय आहे ते पेटी उघडल्यावरच कळतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मुंबईच्या फुटपाथवर आजही पेटी कोकणची आणि आंबा घाटापलीकडचा असा प्रकार सापडतोच. व्हिडिओचंही तसंच. एमपी४ ही फक्त पेटी. तिच्या आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय, आवाज कुठल्या पद्धतीने, हे वेगळं असतं. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

विंडोज पेटीवरचं नाव वाचतं आणि त्या नावासमोर ज्या प्रोग्रामची नोंद आहे त्याच्या हातात फाइल देतं. आत डोकावत नाही. मग त्या प्रोग्रामला आतला माल ओळखता आला तर चित्र दिसतं, नाही तर काकींसारखं होतं.

काकींच्या फाइलमध्ये चित्र होतं एचईव्हीसी पद्धतीचं, म्हणजेच एच.२६५. हे मानक २०१३ मध्ये ठरलं. त्याने फाइल बरीच लहान होते, म्हणून आयफोनने २०१७ पासून, आयफोन ७ आणि त्यापुढच्या मॉडेलवर, चित्रीकरण या पद्धतीने करायला सुरुवात केली. बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर मात्र ते ओळखण्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. ती नसेल तर आवाज येतो, चित्र येत नाही. म्हणून असा काळा पडदा दिसला की फाइल पुसून टाकू नका. मुंबईहून तीच फाइल पुन्हा मागवूनही उपयोग नाही, तीच परत येणार. प्लेअर बदलून बघा.

कुठला प्लेअर घ्यावा

मी डोळे झाकून व्हीएलसी सांगतो. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये याची सुरुवात झाली आणि २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली सर्वांना मोफत आहे. जाहिराती नाहीत, नोंदणी नाही. बहुतेक कोडेक तो पोटात घेऊनच येतो, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही. आणि तो पेटीवरच्या नावावर विसंबून न राहता आतला माल चाचपून बघतो. चिन्ह म्हणजे केशरी-पांढरा शंकू, मुंबई-गोवा महामार्गाच्या कामावर आपण इतकी वर्षं बघत आलोय तोच. त्या विद्यार्थ्यांना रस्त्यावरचे शंकू गोळा करायचा नाद होता म्हणे, त्यावरून ते चिन्ह आलं.

इतरही चांगले आहेत. लॅपटॉप अगदीच जुना आणि संथ असेल तर विंडोजवर एमपीसी-एचसी हलका पडतो. मूळ चमूने त्याचं काम २०१७ मध्ये थांबवलं, पण पुढे इतरांनी ते चालू ठेवलं आहे. कळफलकावर हात बसलेल्यांना एमपीव्ही आवडतो. त्यात मेनू जवळजवळ नाहीतच, म्हणून नवशिक्याला मी तो देत नाही. खालच्या पायऱ्या कुठल्याही प्लेअरला लागू आहेत, मी नाव व्हीएलसीचं घेतो इतकंच.

उतरवताना मात्र जागेवर लक्ष ठेवा. संगणकासाठी व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या पत्त्यावरूनच घ्या. शोधून पाहिलं तर त्याच शंकूचं चित्र लावलेली दहा दुकानं दिसतील. तिथून घेतलेल्या प्रतीबरोबर आणखी काय काय घरात येईल त्याचा नेम नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये "व्हीएलसी फॉर अँड्रॉइड" शोधा आणि खाली बनवणाऱ्याचं नाव व्हिडिओलॅब्स आहे ना ते बघा. आणि "हा व्हिडिओ बघण्यासाठी हा कोडेक पॅक उतरवा" असं कुठलंही पान सांगू लागलं तर ते पान तिथल्या तिथे बंद करा.

पावसाळ्यात आमच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं. संगणकाची इन्स्टॉल फाइल साधारण चाळीस-पन्नास एमबीची आहे. नेट मिळालं त्या दिवशी उतरवून एका पेन ड्राइव्हवर ठेवून द्या, वाडीतल्या चार घरांचं काम होईल.

विंडोजवर, पायरी पायरीने

आधी एक्स्टेन्शन दिसू द्या. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं, आणि पेटीवरचं नावच दिसत नसेल तर आपण बोलतोय कशाबद्दल तेच कळत नाही. विंडोज ११ मध्ये कुठलंही फोल्डर उघडून वरच्या पट्टीत व्ह्यू, त्यात शो, त्यात फाइल नेम एक्स्टेन्शन्स यावर खूण करा. विंडोज १० मध्ये व्ह्यू या टॅबमध्येच ती चौकट आहे. याचा दुसरा फायदा सुरक्षेचा. "लग्नाचा व्हिडिओ डॉट एमपी४" अशी दिसणारी एखादी फाइल प्रत्यक्षात "डॉट एमपी४ डॉट ईएक्सई" असू शकते. ती व्हिडिओ नसून प्रोग्राम असते आणि दोनदा क्लिक करताच चालू होते. शेपटी दिसत असली की असला पाहुणा दारातच ओळखता येतो.

आता मूळ काम.

१. व्हिडिओच्या फाइलवर माउसचं उजवं बटण दाबा. मेनूतून ओपन विथ निवडा, मग चूज अनदर अ‍ॅप.

२. प्रोग्रामची यादी येईल. त्यात व्हीएलसी दिसला तर त्यावर क्लिक करा. दिसत नसेल तर यादी खाली सरकवा. तरीही नसेल तर विंडोज ११ मध्ये शेवटी चूज अ‍ॅन अ‍ॅप ऑन युअर पीसी असतं. विंडोज १० मध्ये मोअर अ‍ॅप्स आणि त्याच्या तळाशी लुक फॉर अनदर अ‍ॅप ऑन धिस पीसी. तिथून सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, व्हिडिओलॅन, व्हीएलसी असं आत जाऊन शंकूचं चिन्ह असलेली फाइल दाखवून द्या.

३. पहिल्या वेळी जस्ट वन्स दाबा. विंडोज १० मध्ये ऑलवेज यूज धिस अ‍ॅप ही चौकट रिकामी ठेवून ओके करा.

४. पाच मिनिटं खरोखर बघा. चित्र, आवाज, मधेच पुढे ओढल्यावर अडकतं का. फक्त पहिलं दृश्य बघून समाधान मानू नका, अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला छान चालते.

५. पटलं, की पुन्हा हाच रस्ता धरा आणि या वेळी ऑलवेज दाबा. विंडोज १० मध्ये ती चौकट भरा.

यानंतर त्या एक्स्टेन्शनच्या कुठल्याही फाइलवर दोनदा क्लिक केलं की तुमचाच प्लेअर उघडेल. काकींचं माझ्या हातून सुटलं होतं ते हेच पाचवं पाऊल.

लक्षात घ्या, हे फक्त त्या एका एक्स्टेन्शनपुरतं झालं. एमपी४ ठरवलंत म्हणून एमओव्ही आपोआप ठरत नाही, आणि आयफोनमधून थेट केबलने काढलेले व्हिडिओ बहुधा एमओव्हीच असतात. चार-पाच प्रकार एकदम ठरवायचे असतील तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात डीफॉल्ट अ‍ॅप्स उघडा. विंडोज ११ मध्ये तिथे खालच्या यादीत व्हीएलसी शोधून त्यावर क्लिक केलं की एक्स्टेन्शनची लांबलचक यादी येते. एकेकावर क्लिक करून प्लेअर बदलत जा. सगळी यादी पालथी घालायची गरज नाही. मी दुकानात एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही, ३जीपी, एमटीएस आणि व्हीओबी एवढेच सात ठरवून देतो. आपल्याकडे येणारं बहुतेक यातच मावतं. विंडोज १० मध्ये हेच चूज डीफॉल्ट अ‍ॅप्स बाय फाइल टाइप या नावाखाली आहे.

"इन्स्टॉल करतानाच सगळ्यावर खूण केली होती, मग का नाही झालं?" असं बरेच जण विचारतात. पूर्वी चालायचं ते. विंडोज ८ पासून कुठल्याही प्रोग्रामला स्वतःहून ही जागा बळकावता येत नाही, शेवटची निवड वापरणाऱ्यालाच करावी लागते. कटकट वाटते खरी, पण नवा प्रोग्राम टाकला की सगळ्या फाइली त्याच्या ताब्यात गेल्या असं पूर्वी व्हायचं, त्यापेक्षा हे बरं. कधी एखाद्या मोठ्या अपडेटनंतर निवड मूळ प्लेअरवर परत गेलेली दिसते. तेव्हा घाबरायचं काही नाही, पाचवी पायरी पुन्हा करायची.

अँड्रॉइड फोनवर

फोनमध्ये बहुतेकांचा घोटाळा वेगळा असतो. तिथे काही चालत नाही असं क्वचित होतं. चालतं, पण नको त्या प्लेअरमध्ये. आमचे एक आबा रोज संध्याकाळी ओटीवर बसून जुन्या दशावताराचं रेकॉर्डिंग लावतात. संकासुर रंगात आला की मधेच जाहिरात. आबांच्या तोंडची वाक्यं इथे लिहिण्यासारखी नाहीत. गंमत म्हणजे फाइल त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये, नेटचा संबंध नाही. जाहिरात दाखवत होता तो प्लेअर. कधीतरी घाईत त्यांनी "नेहमी" दाबलं होतं, तेव्हापासून तो मानगुटीवर बसला होता.

नव्या फोनवर रस्ता सरळ आहे. व्हीएलसी बसवा आणि एकदा उघडा, म्हणजे तो फोनमधल्या फाइली वाचायची परवानगी मागेल. ती द्या, नाहीतर त्याला काहीच दिसणार नाही. मग गुगल फाइल्स किंवा फोनमधलं जे कुठलं फाइल मॅनेजर असेल ते उघडा. व्हिडिओवर नुसतं बोट न टेकवता तीन टिंबांच्या मेनूतून "यासह उघडा" निवडा. प्लेअरची यादी येईल, खाली दोन पर्याय : "फक्त एकदा" आणि "नेहमी". विंडोजचाच नियम इथेही, पहिल्यांदा एकदा, पसंत पडलं की नेहमी.

नुसतं बोट टेकवलं की पुष्कळ फाइल मॅनेजर आणि गॅलरी स्वतःच्याच छोट्या प्लेअरमध्ये व्हिडिओ लावतात आणि तुम्हाला विचारतच नाहीत. तुमची निवड तिथे पोचत नाही. म्हणून मेनूतून जायचं. याहून सोपा मार्ग हवा असेल तर फाइल मॅनेजर विसराच. थेट व्हीएलसी उघडा, तो फोनमधले सगळे व्हिडिओ स्वतःच मांडून ठेवतो. आबांना मी शेवटी हेच शिकवलं. पहिल्या पानावर शंकू आणून ठेवला, बस.

पण आबांसारखा आधीच कुणाला "नेहमी" देऊन बसला असाल तर? यादी दिसतच नाही, थेट जुना प्लेअर उघडतो. तेव्हा फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स उघडा आणि त्या जुन्या प्लेअरच्या नावावर जा. व्हीएलसीच्या नाही, जुन्याच्या. इथे हमखास चुकतं. तिथे "डीफॉल्टनुसार उघडा" किंवा "डीफॉल्ट म्हणून सेट करा" अशा अर्थाचं काहीतरी असेल, फोनच्या कंपनीनुसार शब्द बदलतात. त्यात गेलं की डीफॉल्ट साफ करण्याचं बटण सापडतं. ते दाबलं की फोन पुढच्या वेळी पुन्हा विचारतो. जुना प्लेअर नकोच असेल तर काढूनच टाका, नोंद त्याच्याबरोबर जाते.

याच्या उलटी तक्रारही येते. "ह्यां माका परत परत कित्याक इचारता?" म्हणजे दर वेळी "फक्त एकदा" दाबलं जातंय. किंवा एकदा व्हिडिओसाठी "नेहमी" दिलंय आणि आता फाइल आवाजाची आहे. फोन प्रकार बघतो : व्हिडिओ वेगळा, ऑडिओ वेगळा, त्यातही एमपी४ आणि एमकेव्ही वेगळे धरले जाऊ शकतात. दोन-तीनदा "नेहमी" दिलं की शांत होतं.

आयफोनवाल्यांनी फाइल्स अ‍ॅपमध्ये व्हिडिओ उघडून शेअरचं चिन्ह दाबावं आणि तिथून व्हीएलसी निवडावा. काकींच्या पुतण्यासारखं गावी व्हिडिओ पाठवायचे असतील तर आणखी एक उपकार करा : सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे मोस्ट कम्पॅटिबल निवडा. फाइल मोठी होईल, पण गावच्या जुन्या लॅपटॉपवर चित्र दिसेल. कारण जुन्या यंत्रावर व्हीएलसी एचईव्हीसी ओळखतो खरा, पण फोर-के असेल तर ते ओढायची ताकद यंत्रात नसते. चित्र हुंदके देत चालतं. प्लेअर बदलून त्यावर उपाय नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमधलं कसं काढायचं

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आलेल्या व्हिडिओवर बोट ठेवलं की तो व्हॉट्सअ‍ॅपच्याच पोटात चालतो. बाहेरच्या प्लेअरमध्ये लावायचा तर फाइल जिथे साठते तिथे जावं लागतं. फाइल मॅनेजरमध्ये फोनचं अंतर्गत स्टोरेज उघडा. अँड्रॉइड या फोल्डरमध्ये मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप, त्यात व्हॉट्सअ‍ॅप, पुन्हा मीडिया, आणि मग व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ. पाच-सहा दारं ओलांडावी लागतात, जुन्या वाड्यासारखं. एवढं चालायचं नसेल तर व्हीएलसीच्या व्हिडिओंच्या यादीत बघा, त्याला परवानगी दिली असेल तर हे व्हिडिओ बहुधा तिथे आलेलेच असतात.

हे करायचं कशासाठी? माझ्याकडे येणाऱ्या भजनी मंडळातल्या मुलांचं कारण मला सगळ्यात पटतं. बुवांनी पाठवलेली चाल त्यांना सावकाश ऐकायची असते. व्हीएलसीत वेग हवा तेवढा कमी करता येतो आणि सूर बदलत नाही. संगणकावर चौकोनी कंसाची डावी कळ दाबत गेलं की वेग थोडा थोडा उतरतो, उजवीने चढतो. एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत ठेवायचीही सोय आहे, सुरुवात आणि शेवट दाखवला की तेवढाच फिरत राहतो. पेटीवर बोटं बसवायला याहून सोयीचं काही नाही. (ही पेटी वाजवायची, आंब्याची नव्हे.) लांबून घेतलेल्या रेकॉर्डिंगचा आवाज अगदी बारीक असेल तर तो शंभर टक्क्यांच्या वरही नेता येतो, फार चढवलात तर फाटतो.

मुंबईहून चांगल्या प्रतीचा व्हिडिओ हवा असेल तर पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि मग कुठल्याही प्लेअरमध्ये लावा, गेलेली स्पष्टता परत येत नाही. डॉक्युमेंटला २ जीबीपर्यंत मुभा आहे.

ब्राउझर, मॅक, लिनक्स

इथे फार रेंगाळत नाही. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, आणि खाली अ‍ॅप्लिकेशन्स नावाचा तक्ता आहे. त्यात फाइलच्या प्रकारासमोर यूज अदर निवडून व्हीएलसी दाखवता येतो. उतरवलेल्या फाइलींना ते लागू होतं. पानातच बसवलेला व्हिडिओ मात्र पानातच चालतो. व्हिडिओचा थेट दुवा हातात असेल तर संगणकावरच्या व्हीएलसीत कंट्रोल आणि एन दाबून तो चिकटवा.

मॅकवर फाइल निवडून कमांड आणि आय दाबा, ओपन विथमध्ये प्लेअर निवडा आणि त्याखालचं चेंज ऑल दाबायला विसरू नका. ते न दाबल्यास बदल एका फाइलपुरताच राहतो. लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारात उजवं क्लिक, ओपन विथ, आणि तिथे ऑलवेज यूज फॉर धिस फाइल टाइप हे बटण चालू करा.

जुन्या सीडी आणि जत्रेच्या फाइली

आता माझ्या आवडीचा भाग. आमच्याकडे कपाटाकपाटात लग्नाच्या आणि जत्रेच्या जुन्या डिस्क पडून आहेत. कोकणची दमट हवा त्यांना सोसत नाही, पृष्ठभागावर बुरशीची नक्षी येते. कुणी अशी डिस्क आणली की मी आधी आतल्या फाइली संगणकावर उतरवून घेतो, मग उघडण्याचं बघतो.

व्हिडिओ सीडीत एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट एक्स्टेन्शनची फाइल असते. उजवं क्लिक करून ओपन विथने ती व्हीएलसीत उघडा, चालेल. पण इथे ऑलवेज अजिबात दाबू नका. डॅट हे नाव कुणीही कशालाही देतं. हिशेबाचे प्रोग्राम, खेळ, कितीतरी जण आपली माहिती डॅट फाइलीत ठेवतात. कायमचं ठरवून टाकलंत तर त्या सगळ्यांवर शंकू येऊन बसेल आणि काय कशाचं आहे तेच ओळखू येणार नाही. हा एक प्रकार "फक्त एकदा"वरच ठेवावा.

डीव्हीडीत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइली असतात. एकेक व्हीओबी उघडत बसू नका. व्हीएलसीच्या मीडिया मेनूत ओपन फोल्डर आहे, ते पूर्ण फोल्डर त्याला द्या, म्हणजे लग्न मुहूर्तापासून क्रमाने सुरू होईल. सुटी व्हीओबी उघडलीत तर थेट पंगतीच दिसतात.

आणि जत्रा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार चालतो. कुणीतरी कॅमेरा तिवईवर लावून सगळी रात्र टिपतो. लहान कार्डांवर जी साठवण पद्धत असते तिच्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा मधे मधे फाइल कापत जातो. काही कॅमेरे २ जीबीलाच कापतात. सकाळी हातात एमटीएस एक्स्टेन्शनच्या आठ-दहा फाइली येतात, नावं नुसते आकडे. लोक त्या एकेक उघडतात, आणि दर वेळी राजाचं वाक्य अर्धं तुटलं की उठून पुढची शोधतात.

त्यापेक्षा एमटीएस आधी वर सांगितल्याप्रमाणे व्हीएलसीला कायमचं देऊन टाका. फोल्डरमध्ये फाइली नावाच्या क्रमाने लावा, कंट्रोल आणि ए दाबून सगळ्या निवडा, उजवं क्लिक करा आणि अ‍ॅड टू व्हीएलसी मीडिया प्लेअर्स प्लेलिस्ट निवडा. विंडोज ११ मध्ये ते शो मोअर ऑप्शन्सच्या आत दडलेलं असू शकतं. कंट्रोल आणि एल दाबून यादी बघा, क्रम चुकला असेल तर माउसने ओढून नीट करा. मग मीडिया मेनूतून सेव्ह प्लेलिस्ट टू फाइल करून ती यादी त्याच फोल्डरमध्ये जत्रेच्या गावाच्या नावाने ठेवा. फोल्डर दुसरीकडे हलवलंत तर यादीला फाइली सापडणार नाहीत, म्हणून आधी जागा पक्की करा, मग यादी बनवा.

आबांना पेन ड्राइव्ह देताना अशी यादी बनवून त्यांच्या घरच्या संगणकावर लावून दिली. रात्री साडेनऊला त्यांनी त्या एका फाइलवर दोनदा क्लिक केलं. गणपतीच्या नमनापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत कुणाला उठावं लागलं नाही. मधे दोनदा लाइट गेली तेवढंच.